चेहरा बोलका कसा येईल?

प्रश्न : माझे वडील एनआरसी कंपनीत कामाला होते. २००९मध्ये कंपनी बंद पडली. त्यांचे फोटो काढायचे आहेत, पण कॅमेरा दिसताच ते ताठ बसतात. काय करू?
– एक वाचक, मोहने

उत्तर : आधी कॅमेरा बाजूला ठेवा आणि गप्पा मारा. पाळी, खातं, जुने सोबती असे विषय काढा. माणूस आठवणींत रमला की चेहरा आपोआप सैलावतो. वडिलांना ‘हसा’ म्हणू नका.

ट्यूबलाइट बंद करून त्यांना खिडकीजवळ बसवा. प्रकाश एका बाजूने पडला की सुरकुत्यांना उठाव येतो. ऊन थेट येत असेल, तर पातळ पांढरा पडदा लावा. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवा. शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद नको. ५० किंवा ८५ मिमीची लेन्स वापरा. मोबाइल असेल तर दोन पावलं मागे राहून २एक्स वापरा. फार जवळून नाक मोठं दिसतं.

छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांचं ‘चेहरे’ हे पुस्तक जरूर पाहा. आणि हे काम लांबणीवर टाकू नका, येत्या रविवारीच सुरुवात करा.