व्हायब्रेटर बसवण्याआधी

गोंदिया

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

आजोबांचा बॅटरीवरचा वॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर तू माळ्यावरून उतरवलास हे कळलं, फार बरं वाटलं. गावात वीज नव्हती तेव्हा तो नि दोन भोंगे बैलगाडीत घालून आजोबा भाऊबीजेनंतरच्या मंडईच्या जत्रेला जायचे. रात्रभर दंडारीचा खेळ त्याच्यावर चालायचा.

पण बॅटरीचे चिमटे लगेच लावू नकोस. १२ व्होल्टचे ३०० व्होल्ट कसे होतात ते आधी समजून घे. डबीसारखा व्हायब्रेटर आहे ना, त्यातली पट्टी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरते, बॅटरीचा करंट तोडत-जोडत ट्रान्सफॉर्मरला देते. व्हायब्रेटर गुणगुणतो तोवरच सेट जिवंत.

माझी चूक सांगतो. व्हायब्रेटरचे पॉइंट जळालेले दिसले म्हणून मी नवा व्हायब्रेटर घातला. सेट खणखणीत वाजला. मंडईच्या रात्री दंडार ऐन रंगात असताना भोंगे मुके झाले. डबी उघडली, तर नवे पॉइंटही एकमेकांना चिकटलेले! खरं दुखणं ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरच्या बफर कंडेन्सरचं होतं. पॉइंट उघडताना उसळणारं व्होल्टेज तो आवरतो. तो लीक झाला की पॉइंटवर ठिणग्या पडतात. म्हणून वरून धड दिसला तरी जुना मेणकागदी बफर आधी बदल. व्हॅल्यू मूळचीच ठेव, ०.०१ मायक्रोफॅरड असेल तर तेवढीच, कारण ती ट्रान्सफॉर्मरशी जुळवलेली असते. दुकानदार ४०० व्होल्टचा पुढे करेल, घेऊ नकोस. १६०० च्या खालचा तिथे टिकत नाही.

फिल्टर कंडेन्सर इतक्या वर्षांत सुकलेच असतील, तेही नवे घाल. मग बॅटरी न जोडता एचटी लाइन (तीनशे व्होल्टची) ते चेसिस मीटरने बघ. शॉर्ट दाखवत असेल तर व्हायब्रेटर खोबणीत घालायचाच नाही.

आणि बाळा, बॅटरी काढली म्हणजे धोका गेला असं समजू नकोस. कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट तसेच बसलेले असतात. दहा किलोओमचा पाच वॅटचा रेझिस्टन्स लांब इन्सुलेटेड दांडीला बांध, त्याने डिस्चार्ज कर, मीटरवर शून्य बघ, मगच हात घाल. तेव्हाही दुसरा हात खिशात. माझी ही अट मोडलीस तर सेटला हात लावू देणार नाही.

व्हायब्रेटरऐवजी ट्रान्झिस्टरचं सर्किट बसवता येतं, काम भागतं. मला मात्र ती गुणगुण हवी आहे. जुना चालू व्हायब्रेटर मी जपून ठेवलाय. बफर बदललास की ये, दोघं मिळून बसवू.

तुझा,
मामा