चिलखत की चपळाई?

संगणकावर हजारो जण एकाच वेळी खेळतात असे काही खेळ आहेत. त्यांत आरंभीच आपल्या पात्राचा पेशा ठरवावा लागतो. पुढे तेच पात्र महिनोन्‌महिने वाढवायचे असल्यामुळे निवड चुकली तर बरीच मेहनत वाया जाते.

२००४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात शत्रूला जवळून भिडणारे दोन पेशे पाहा. पहिला 'वॉरियर', म्हणजे जाड धातूचे चिलखत घालणारा योद्धा. दुसरा 'रोग'. हा आपला आजार नव्हे! या इंग्रजी शब्दाचा अर्थ ठक, लुच्चा. ठकाचे चिलखत कातड्याचे व हलके. त्याची मदार वार चुकवण्यावर. दोघांपैकी कोणाला निवडावे?

एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, दोघांचीही प्राणशक्ती १००० आहे आणि शत्रूच्या प्रत्येक वाराचा जोर ४०० आहे. योद्ध्याचे चिलखत वाराचा निम्मा जोर अडवते. (मूळ खेळात ६० व्या पायरीवरच्या शत्रूपुढे चिलखताचा अंक ५५०० असला की असे होई.) ठकाचे चिलखत तूर्त सोडून देऊ, पण तो सरासरीने निम्मे वार चुकवतो. म्हणजे दर वारामागे दोघांचीही सरासरी हानी २००. मग दोघे सारखेच का?

योद्धा बरोबर पाचव्या वाराला पडतो. ना आधी, ना नंतर. ठक मात्र तिसरा वार लागला की पडतो. हे केव्हा घडेल ते नाण्याला विचारा. छाप पडली तर वार लागला, काटा पडला तर चुकला. तीन छापा पडेपर्यंत नाणे उडवा आणि एकूण किती वेळा उडवले ते लिहून ठेवा. पुष्कळ वेळा प्रयोग केलात तर सरासरी ६ च्या आसपास येईल. म्हणजे ठक सरासरीने योद्ध्यापेक्षा एक वार अधिक टिकतो!

पण नोंदी नीट पाहा. काही ८, १० अशाही असतील, तर काही अवघ्या ३. लागोपाठ तीन छापा पडण्याची संभाव्यता १/२ × १/२ × १/२ = १/८ आहे. वर्गातल्या ४० मुलांनी एकेकदा प्रयोग केला तर साधारण पाच जणांचा ठक तिसऱ्याच वाराला पडेल. सरासरी ही गोष्ट सांगत नाही. त्यासाठी नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत तेही पाहावे लागते.

या खेळात जखमा भरून काढणारा साथीदारही असतो, पण त्याला वेळ लागतो. योद्ध्याची हानी ठरलेल्या गतीने होते, म्हणून साथीदाराला आधीच तयारी करता येते. ठकाला दोन वार लागोपाठ लागले की एकदम ८०० ची हानी! म्हणूनच मूळ खेळातल्या ४० जणांच्या मोहिमांत शत्रूसमोर योद्धा उभा राही आणि ठक पाठीमागून वार करी.

तेव्हा ज्याच्यावर इतरांची भिस्त असते त्याने योद्धा व्हावे. एकट्याने धोका पत्करायची तयारी असेल त्याने खुशाल ठक व्हावे.

आता हे सोडवा : चिलखताने ३/४ जोर अडवला आणि ठकाने सरासरीने चारपैकी तीन वार चुकवले, तर योद्धा कितव्या वाराला पडेल? ठक तिसऱ्याच वाराला पडण्याची संभाव्यता किती?