उंबरा कुणाला द्यायचा?

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज, "ताई, हे रिसोर्स करू की लिटरल?" आणि खाली सहा रडके चेहरे. अगं, कर्जत-खालापूरच्या भाताच्या जातींची माहिती आरडीएफमध्ये, म्हणजे कर्ता-क्रियापद-कर्म अशा छोट्या विधानांत बसवतेयस, लग्न ठरवत नाहीयेस! चहा ठेव आणि निवांत बस.

खरं सांगू का, हा घोळ मीही घातलाय. माझ्या पहिल्या यादीत तालुक्याच्या रकान्यात अवतरणचिन्हांत "कर्जत" लिहून मी मोकळी झाले. पुढे त्यात अहिल्यानगर जिल्ह्याची यादी मिसळली आणि तिथेही कर्जत तालुका निघाला! आपल्या उल्हास नदीकाठचं भात थेट ज्वारीच्या रानात जाऊन पडलं. बरं, "कर्जत" असलेलं सगळं शोध म्हटलं, तर "कर्जत-३" ही भाताची जातही तालुक्यांच्या पंगतीत येऊन बसली. मशीनला बिचाऱ्याला काय, अक्षरं जुळली की झालं.

तेव्हापासून मी स्वतःला एकच विचारते. या गोष्टीबद्दल उद्या आणखी काही सांगावं लागेल का? लागणार असेल तर ती रिसोर्स, तिला उंबरा दे, म्हणजे आयआरआय, तिचा स्वतःचा एकमेव पत्ता. मग तिचा जिल्हा, तिची नदी, तिची गावं सगळी त्या दारात येऊ शकतात. लिटरल म्हणजे नुसता मजकूर किंवा आकडा, त्याला उंबरा नसतो गं. ते नेहमी विधानाच्या शेवटी, कर्माच्या जागी बसतं. त्याला कर्ता करून पुढचं विधान सुरू करता येत नाही, आरडीएफचा नियमच आहे तो.

आता तुझी कर्जत-३ घे. जात स्वतः रिसोर्स. कर्जतचं संशोधन केंद्रही रिसोर्स, कारण उद्या ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी जोडायचंय. पीक तयार व्हायला लागणारे दिवस मात्र लिटरल, प्रकार इंटिजर. दिवसांच्या आकड्याला घर कोण बांधून देतं? मी दिलं होतं! प्रत्येक आकड्याचा एकेक रिसोर्स, वर त्याला लेबल. हसू नकोस.

आणि बघ, आकडे मराठी कीबोर्डवरून टाकू नकोस. इंटिजरच्या नियमात इंग्रजी अंकच बसतात. पिनकोड मात्र आकड्यांसारखा दिसला तरी साधा मजकूरच ठेव, पिनकोडांची बेरीज कुणी करत नाही.

फसवं प्रकरण आहे ते हळवा, निमगरवा, गरवा या भाताच्या मुदतीच्या वर्गांचं. दिसतात शब्द, म्हणून हात लिटरलकडे जातो. पण एक जण हळवा लिहितो, दुसरा हळवी, तिसऱ्याच्या शब्दामागे नुसतीच एक रिकामी जागा चिकटलेली. मोजायला गेलीस की एकाचे तीन गट! ठरलेल्या तीनच गोष्टी आहेत ना, मग तीन रिसोर्स कर. डबे तीन, चिठ्ठ्या हव्या तेवढ्या.

चिठ्ठी म्हणजे लेबल, आणि ते लिटरलच. खालापूरला मराठी लेबल दे, इंग्रजी दे, दोन्ही सुखाने नांदतात. फक्त भाषेची खूण विसरू नकोस. नुसतं "खोपोली" आणि मराठीची खूण असलेलं "खोपोली" ही दोन वेगळी लिटरल. मी खुणेशिवाय शोधत बसले आणि आरडीएफची शोधभाषा स्पार्कल दुपारभर मला रिकामं ताट दाखवत राहिली. तसंच आयआरआय अवतरणचिन्हांत घातलास तर तो नुसता मजकूर होतो. पाटीवर पत्ता दिसतो, पण दार कुठलंच उघडत नाही.

नावावरून आयआरआय बनवायचा मोहही टाळ. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, मग रायगड झाला. नगरचं आता अहिल्यानगर झालं. लेबल बदललं की भागतं. पण आयआरआयमध्येच जुनं नाव कोरून ठेवलं असेल, तर ते खटकत राहतं आणि बदलायला गेलीस की त्याला जोडलेलं सगळं सुटतं. त्यापेक्षा साधा क्रमांक बरा.

कोड लिहिताना हा निर्णय ओळीओळीला घेऊ नकोस, डोकं फिरेल. आधी वहीत रकाने मांड आणि प्रत्येकापुढे लिही, उंबरा की मजकूर. मजकूर असेल तर त्याचा प्रकार किंवा भाषाही लिही. मग पायथनच्या आरडीएफलिबमध्ये यूआरआयरेफ कुठे आणि लिटरल कुठे, हे त्या वहीवरून एकाच फंक्शनमध्ये ठरू दे. चुकलीस तरी दुरुस्ती एकाच जागी.

आज फक्त तालुक्याचा रकाना घे. दोन कर्जत, दोन उंबरे, आणि शेजारी खालापूर. तेवढं झालं की मला मेसेज कर. पण साडेअकराला नको गं, दहाच्या आत.