वाऱ्याच्या बेटांवरील बिनपंखी भुंगेरे

पंख नसणे हा फायदा ठरू शकेल का? अटलांटिक महासागरातील मदीरा बेटांवरील भुंगेऱ्यांच्या ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येत नाही, असे वोलास्टन या कीटकतज्ज्ञाला आढळले. पाठीवरचे कठीण कवच शाबूत. त्याखालचे पंख मात्र खुरटलेले! डार्विनने १८५९ मध्ये कारण सुचविले : उडणारे भुंगेरे वाऱ्याबरोबर समुद्रात जातात, न उडणारे मागे उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. शेजारच्या अधिक उघड्या डेझर्टास बेटांवर अशा भुंगेऱ्यांचे प्रमाण आणखी जास्त होते.

पण वाऱ्याशी झुंजत उडायला ऊर्जाही फार लागते. ती वाचवून अंडी अधिक घातली तर? मला, भौतिकीच्या मास्तराला, हा जमाखर्च अधिक पटतो. दक्षिण महासागरातील बेटांवरच्या कीटकांच्या २०२० मधील अभ्यासातही वारा हे मोठे कारण ठरले. एकमेव मात्र नव्हे.