कळफलकावरून गाणे : आजीचे धवले उतरवताना

संगणक हा काही कला शाखेचा विषय नव्हे. त्यामुळे हा लेख पाहून काही वाचक पान उलटतील, अशी मला भीती वाटते. परंतु मी जे सांगणार आहे ते जितके संगणकाविषयी आहे तितकेच मराठीविषयी आहे. म्हणून क्षणभर थांबावे, ही विनंती.

माझे घर धरमतरला, अंबा नदीच्या खाडीकाठी. वडील बार्जवर कामाला जातात. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. माझी आजी धवलारीण आहे. आगरी समाजात लग्नाचे विधी धवले गाऊन पार पाडणारी जाणती स्त्री म्हणजे धवलारीण. आजीने उभ्या आयुष्यात किती लग्ने लावली याची मोजदाद नाही. पण एकही धवला तिने कागदावर लिहिलेला नाही, कारण तिला लिहिता येत नाही. आता तिला दम्याचा त्रास आहे. एका दमात ओळ पुरी होत नाही.

गेल्या वर्षी लोकसाहित्याच्या तासाला सरांनी घरातले काही उतरवून आणायला सांगितले. मी फोनवर आजीचा आवाज मुद्रित करू लागले. सव्वीस धवले झाले आणि एके दिवशी फोन पाण्यात पडला. चोवीस मी आधीच दुसरीकडे उतरवून ठेवले होते. शेवटचे दोन गेले. आजीला ते पुन्हा पुरतेपणी आठवले नाहीत. तेव्हापासून या कामाला मी अभ्यास म्हणण्याऐवजी कर्तव्य म्हणू लागले.

मुद्रण सोपे, लेखन अवघड. एक शब्द कळला नाही की फोनच्या पडद्यावर बोट मागे सरकवायचे; ते नेमके कधीच सरकत नाही. पाच सेकंद मागे जायचे असते, आपण जातो एक मिनिट. शेजारच्या दादाने त्याचा जुना संगणक मला दिला होता. त्याचा माऊस बिघडलेला, पण कळफलक शाबूत. त्यावर लिनक्स ही प्रणाली होती. दादा म्हणाला, ‘‘माऊस नाही ते बरेच झाले. आता आज्ञा लिहून काम करायला शिक.’’

आज्ञा लिहून काम करणे म्हणजे काळ्या पडद्यावर शब्द टंकायचे आणि एंटर दाबायचे. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. ही पद्धत १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सपासून चालत आली. लिनक्सचा जन्म १९९१चा. याच पद्धतीने चालणारा ‘एमपीव्ही’ नावाचा वादक-प्रोग्रॅम आहे. २००० साली हंगेरीत सुरू झालेल्या ‘एमप्लेअर’च्या वंशातला हा, २०१३ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि तो विनामूल्य मिळतो.

याच्या कळा पाठ करायला मला एक संध्याकाळ पुरली. स्पेसची लांब पट्टी दाबली की गाणे थांबते, पुन्हा दाबली की चालू होते. डावा बाण पाच सेकंद मागे नेतो, उजवा पाच सेकंद पुढे. वरचा बाण एक मिनिट पुढे, खालचा एक मिनिट मागे. ९ने आवाज कमी, ०ने जास्त. डावा चौकटी कंस गती सुमारे दहा टक्क्यांनी कमी करतो, उजवा वाढवतो आणि बॅकस्पेसने गती पूर्ववत होते. गती कमी केली तरी सूर खाली उतरत नाही, हे विशेष. जुन्या टेपची गती मंदावली की बाईचा आवाज पुरुषी होई. येथे तसे होत नाही. सर्वांत उपयोगी कळ ‘एल’. एकदा दाबली की आरंभ ठरतो, दुसऱ्यांदा दाबली की शेवट ठरतो आणि तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजत राहतो. तिसऱ्यांदा दाबली की फेरा सुटतो. ‘क्यू’ने प्रोग्रॅम बंद. डावा हात कळांवर आणि उजव्या हातात पेन, अशी माझी बैठक जमली.

दर वेळी लांब आज्ञा टंकण्याऐवजी त्या ओळी एका फाईलमध्ये लिहून ठेवता येतात. तिला स्क्रिप्ट म्हणतात. माझी स्क्रिप्ट इतकेच करते : धवल्याचा क्रमांक घेते, त्या क्रमांकाने सुरू होणारी फाईल शोधते, ती वादकाच्या हाती देते आणि बंद करताना आपण कोठे थांबलो ते लक्षात ठेवायला सांगते. एवढ्या कामातही मी तीनदा अडखळले. पहिल्यांदा ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले. फाईल लिहिणे वेगळे आणि तिला चालण्याची मुभा देणे वेगळे, हे तेव्हा कळले. दुसऱ्यांदा १ मागितला तर १०, ११, १२ सगळेच पुढे आले, कारण तेही १नेच सुरू होतात. म्हणून क्रमांक दोन अंकी केले : ०१, ०२. तिसऱ्यांदा नावातल्या मोकळ्या जागेने घोळ केला. ‘हळदीचा धवला’ या नावाच्या संगणकाने दोन फाईली मानल्या. नाव अवतरणचिन्हांत घातल्यावर ते एकसंध राहिले. संगणक चुकत नाही, आपण सांगितले तेच तो करतो.

चौथी अडचण खास मराठी आहे. वहीतले धवले टंकताना मी इनस्क्रिप्ट ही मांडणी वापरते. आयएससीआयआय या १९९१च्या भारतीय मानकात ही मांडणी आहे. ती चालू असताना ‘एल’च्या जागी ‘त’ उमटतो, ‘क्यू’च्या जागी औची मात्रा. वादकाला ती आज्ञा कळत नाही आणि तो गप्प राहतो. स्पेस आणि बाण मात्र चालतात. उपाय सोपा निघाला : वादकाच्या कळांच्या फाईलमध्ये मी एक ओळ घातली, की ‘त’ दाबला तरी फेरा सुरू करावा. आता तो मराठीतली आज्ञा ऐकतो.

या साऱ्याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगते. एका धवल्यात मी ‘गोरा’ असा शब्द लिहिला होता. नवरा गोरा, म्हणजे अर्थ लागला. तो तुकडा गती कमी करून दहा वेळा ऐकला तेव्हा आरंभी ‘ग’ नसून ‘घ’ असल्याची शंका आली. आजीला ऐकवले. ती हसून म्हणाली, ‘‘गोरा नाय गो बाय, घोरा! नवरा काय चालत येल?’’ आमच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. घोड्याचा घोरा होतो. मी दोन वर्षे प्रमाण मराठी घोकली आणि माझेच कान घरची बोली विसरू लागले होते, याची मला लाज वाटली.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यापुढे माझे चोवीस धवले म्हणजे समुद्रापुढे ओंजळ. पण माझ्या आजीचे धवले माझ्यावाचून कोण उतरवणार?

वादक तुकडा शंभरदा ऐकवील; अर्थ मात्र माणूसच सांगतो, आणि ते माणूस आज आहे तोवरच विचारायला हवे. माझे एकोणीस धवले लिहून झाले, पाच उरले आहेत. आता आजी स्वतःच कळफलकापाशी बसते. अक्षर येत नसले तरी लांब पट्टी तिला बरोबर सापडते. चूक ऐकली की ती पट्टी दाबते आणि म्हणते, ‘‘थांब, लिव्ह आता नीट.’’