चिठ्ठीचा माग

१९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत लू माँटुली हा तरुण अभियंता एका अडचणीवर विचार करीत होता. इंटरनेटवरील संकेतस्थळांना स्मरणशक्ती नव्हती. ग्राहक एका पानावर वस्तू निवडून दुसऱ्या पानावर गेला, की दुकान त्याला विसरून जाई! माँटुलीने युक्ती काढली. संकेतस्थळाने ग्राहकाच्याच संगणकावर एक लहानशी चिठ्ठी ठेवावी व तो पुन्हा आला, की ती वाचावी. हिलाच ‘कुकी’ म्हणतात. एकाची चिठ्ठी दुसऱ्यास वाचता येऊ नये, अशी खबरदारीही त्याने घेतली.

जाहिरातदारांना मात्र पळवाट सापडली. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरील जाहिरात बहुधा जाहिरात कंपनीच्या संगणकावरून येते आणि येताना आपलीही चिठ्ठी ठेवून जाते. त्याच कंपनीच्या जाहिराती सायकलींच्या आणि औषधांच्या पानांवरही असतात. प्रत्येक ठिकाणी ती स्वतःचीच चिठ्ठी वाचते. नियम कोठेच मोडत नाही. चिठ्ठीवर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. पण सकाळी दम्याच्या औषधाची माहिती कोणी वाचली, दुपारी सायकलींच्या किमती कोणी पाहिल्या, हे त्या क्रमांकापुढे नोंदले जाते. मग रात्री बातम्यांशेजारी सायकल झळकली, तर नवल ते काय? सायकलीचे एक वेळ ठीक. दम्याची गोष्ट त्या मनुष्याने मित्रासही सांगितलेली नसेल.

सफारी हा ब्राउझर २०२० पासून अशा परक्या चिठ्ठ्या आपण होऊनच अडवतो. भारताच्या संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्यात, अठरा वर्षांखालील मुलांचा असा माग काढण्यास मनाई करणारे कलम आहे.