पाणी माणशीं, एकरीं नव्हे

गांवांत पाणी आलें कीं दारिद्र्य आपोआप हटतें, असा समज सार्वत्रिक आहे. परंतु बांध सर्वांच्या श्रमानें व्हावा आणि पाणी मात्र मोठ्या खातेदाराच्या उसास जावें, हा प्रकार ठिकठिकाणीं दिसतो. तो टाळण्यासाठीं पुणें जिल्ह्यांत एका बिनसरकारी संस्थेनें जो कारभार बसविला, तो आपल्या सभासदांनीं लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे.

सन १९७२ च्या दुष्काळांत पुरंदर तालुक्यांतील लोकांची दैना पाहून पुण्याचे अभियंते व कारखानदार श्री. विलासराव साळुंखे ह्यांनीं नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर जमीन खंडानें घेतली व तेथें बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि विहीर असा प्रयोग केला. त्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानानें पुढें उभारलेल्या उपसा योजना 'पाणी पंचायत' ह्या नांवानें ओळखल्या जातात.

योजना एकट्यादुकट्याची नसून गटाची असे. पाणी माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, व कुटुंबास अडीच एकरांपुरतेंच. म्हणजे घरीं पांच माणसें असतील, तर वीस एकरवाल्यास व तीन एकरवाल्यास पाणी सारखेंच! ऊंस वर्ज्य होता. बारमाही पिकानें दहा जणांची ज्वारी एकटाच पिऊन टाकावी, हें गटास परवडणारें नव्हतें. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिजबरोबर जात नसे, तो पंचायतीकडे परत येई. भूमिहीनांसही वांटा ठेविलेला होता. आमच्या मतें साऱ्या नियमांत धाडसाचा नियम तो हाच.

खर्चापैकीं शेंकडा २० सभासदांनीं, ५० सरकारी अनुदानांतून व ३० प्रतिष्ठानाच्या बिनव्याजी रकमेंतून, अशी वांटणी होती. गरिबास पांचवा हिस्सा जड जातो खरा. पण फुकट मिळालेल्या यंत्राचा हिशेब कोणी विचारीत नाहीं, पदरचे पैसे घातलेला मात्र विचारतोच. पाळी सांभाळण्यास गटानेंच पाटकरी नेमावयाचा.

श्री. साळुंखे २००२ सालीं निवर्तले. कित्येक योजना कालांतरानें बंदही पडल्या. विजेचें देणें, पंपाची दुरुस्ती आणि उसाचा मोह हीं अशा गटांचीं नेहमींचीं दुखणीं होत. म्हणून आपल्या भागांत कोणी असा गट काढील, तर दुरुस्तीची वर्गणी पहिल्याच हंगामापासून वेगळी काढावी, आणि उसाबद्दलचा ठराव विहिरीस पाणी लागण्यापूर्वीं सर्वांच्या सह्यांनिशीं करून घ्यावा.